फामागुस्ता : भूमध्य समुद्रातलं ते बंदर, जिथली हजारो कुटुंबं अजून घरी परतलेली नाहीत

इन्स्टाग्रामवर एका शहराचे रील्स अधूनमधून फिरत असतात. निळाशार समुद्र, पिवळसर वाळू आणि किनाऱ्याला लागून उंच हॉटेलांची लांबच लांब रांग. कॅमेरा जवळ गेला की लक्षात येतं, खिडक्यांना काचा नाहीत. बाल्कन्यांचे कठडे गंजून लोंबतायत, गच्च्यांवर झुडपं वाढलीत. मागे भीतीदायक संगीत वाजतं आणि कॅप्शन असतं, 'भुतांचं शहर'.

या जागेत भुतं नाहीत. तिचे मालक आहेत आणि त्यातले बरेच जण आजही हयात आहेत. काही जण तर तिथून तासाभराच्या अंतरावर राहतात. जागेचं नाव वरोशा. सायप्रस बेटावरच्या फामागुस्ता या जुन्या बंदराचं हे उपनगर. १९७४ च्या ऑगस्टमध्ये इथले जवळपास ४० हजार लोक काही तासांत घर सोडून निघाले. चार दिवसांत परत येऊ, असं बहुतेकांना वाटत होतं.

फामागुस्ताला आज पर्यटक जाऊ शकतात. पण वरोशाचे फोटो काढून परतलं तर अर्धी गोष्टही कळत नाही. कारण हे उपनगर तिथे वसलंच का, याचं उत्तर साधारण साडेचारशे वर्षं मागे, शेजारच्या दगडी तटबंदीत सापडतं.

फामागुस्ता नेमकं आहे कुठे?

सायप्रस हे सिसिली आणि सार्डिनियानंतर भूमध्य समुद्रातलं तिसऱ्या क्रमांकाचं बेट. तुर्कस्तान त्याच्या उत्तरेला, सीरिया आणि लेबनॉन पूर्वेला. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, एका खोल नैसर्गिक बंदराच्या काठावर फामागुस्ता वसलेलं आहे.

शहराला तीन नावं आहेत. ग्रीक लोक त्याला अम्मोखोस्तोस म्हणतात, म्हणजे 'वाळूत लपलेलं'. तुर्की नाव गाझिमाउसा. फामागुस्ता हे नाव युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडून जगभर गेलं. तुम्ही कोणतं नाव घेता यावरून समोरचा तुमचा कल ओळखायचा प्रयत्न करतो, इतकं इथलं राजकारण नाजूक आहे.

आज हे शहर उत्तर सायप्रसमध्ये येतं. 'उत्तर सायप्रस तुर्की प्रजासत्ताक' या नावाने १९८३ मध्ये त्याची घोषणा झाली, पण तुर्कस्तान सोडून जगातल्या एकाही देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. भारतही सायप्रस प्रजासत्ताकालाच मानतो.

एवढं श्रीमंत कसं झालं?

या किनाऱ्यावरचं मूळ मोठं शहर म्हणजे सलामिस. फामागुस्ताच्या उत्तरेला सुमारे ६ किलोमीटरवर त्याचे अवशेष आहेत. चौथ्या शतकातल्या भूकंपांनी सलामिस मोडलं, नव्या नावाने पुन्हा उभं राहिलं आणि सातव्या शतकातल्या अरब स्वाऱ्यांनंतर ओस पडत गेलं. तिथली वस्ती हळूहळू दक्षिणेकडे सरकली आणि फामागुस्ता वाढू लागलं.

११९१ मध्ये धर्मयुद्धासाठी निघालेल्या इंग्लंडच्या राजा रिचर्डने सायप्रस जिंकलं. पुढच्याच वर्षी बेट फ्रान्समधल्या लुसिन्यां घराण्याकडे गेलं आणि जवळजवळ ३०० वर्षं त्यांच्याकडे राहिलं.

फामागुस्ताचं नशीब पालटलं ते १२९१ मध्ये. त्या वर्षी आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावरचं एकर हे बंदर ख्रिश्चनांच्या हातून गेलं. तिथले व्यापारी, सरदार, धर्मगुरू, कारागीर असे सगळे समुद्र ओलांडून समोरच्या बेटावर आले. पोपने इजिप्तच्या सुलतानाशी थेट व्यापार करायला बंदी घातली होती. त्यामुळे पूर्वेकडचा माल आणि युरोपातली गिऱ्हाइकं यांची गाठ घालून द्यायला मधलं बंदर हवं होतं. ते फामागुस्ता झालं. रेशीम, साखर, मसाले, सगळं इथून पुढे जायचं.

पैसा किती होता? सेंट पीटर आणि सेंट पॉल हे भलंमोठं चर्च सिमोने नोस्त्रानो या व्यापाऱ्याने एकाच व्यापारी सफरीच्या नफ्यातल्या तिसऱ्या हिश्शातून बांधलं, अशी आख्यायिका आहे. वर्षाच्या दर दिवसाला एक, अशी ३६५ चर्चेस शहरात होती, असंही म्हणतात. आकडा खरा धरू नका. पण आजही तटबंदीच्या आत फिरताना दर दोन वळणांनंतर एखाद्या चर्चची भिंत किंवा कमान समोर येते.

राज्याभिषेक, घोड्याचा लगाम आणि जिनोआ

शहराच्या मधोमध सेंट निकोलस कॅथेड्रल उभं आहे. १३०० च्या आसपास बांधायला घेतलेली ही गॉथिक इमारत पाहताना आपण उत्तर फ्रान्समध्ये आहोत असं वाटतं. सायप्रसच्या राजांना निकोसियात सायप्रसचा मुकुट मिळायचा आणि मग फामागुस्ताच्या या कॅथेड्रलमध्ये जेरुसलेमचा. जेरुसलेम केव्हाच हातातून गेलं होतं, पण किताब सोडायची तयारी नव्हती.

अशाच एका राज्याभिषेकाने शहराचा घात केला. १३७२ मध्ये राजा दुसरा पीटर याच्या मिरवणुकीत राजाच्या घोड्याचा उजवा लगाम कोणी धरायचा, यावरून व्हेनिस आणि जिनोआ या दोन व्यापारी सत्तांच्या माणसांत भांडण जुंपलं. उजवी बाजू मानाची. वाद मेजवानीपर्यंत गेला, दंगल पेटली, जिनोआची माणसं मारली गेली. दुसऱ्याच वर्षी जिनोआचं आरमार आलं आणि त्यांनी फामागुस्ता ताब्यात घेतलं. पुढची सुमारे ९० वर्षं राजाचं राज्य बेटावर आणि बंदर परक्यांकडे, अशी अवस्था होती. १४६४ मध्ये ते परत मिळालं, पण वैभव ओसरलं होतं.

१४८९ मध्ये शेवटची राणी कातेरिना कोर्नारो हिने बेट व्हेनिसच्या स्वाधीन केलं. व्हेनिसला दिसत होतं की ऑटोमन तुर्क एक दिवस येणार. तोफांचा जमाना सुरू झाला होता, जुन्या उंच आणि पातळ भिंती कामाच्या नव्हत्या. म्हणून त्यांनी तटबंदी नव्याने बांधून काढली. काही ठिकाणी ती १५ मीटर उंच आणि ८ मीटर जाड आहे. वर गोल बुरूज, बाहेर खडकात खोदलेला खंदक आणि वायव्य कोपऱ्यावर बाणाच्या टोकासारखा मार्टिनेंगो बुरूज. महाराष्ट्रातले किल्ले पाहिलेल्या माणसाला हा तट वाचायला फार वेळ लागणार नाही.

१५७१ चा वेढा

१५७० च्या उन्हाळ्यात ऑटोमन फौज बेटावर उतरली. सप्टेंबरमध्ये राजधानी निकोसिया पडली. त्यानंतर सेनापती लाला मुस्तफा पाशाने फामागुस्ताला वेढा घातला.

आत काही हजार सैनिक, बाहेर त्याच्या कित्येक पट फौज. किल्लेदार मार्कअँटोनियो ब्रागादिन व्हेनिसच्या मदतीची वाट पाहत राहिला. तटाखाली सुरुंग लावले जात होते, भिंतींना भगदाडं पडत होती, आतले लोक ती बुजवत होते. धान्य आणि दारूगोळा संपत आला. शहर वाचवू शकेल एवढं आरमार आलंच नाही. सुमारे अकरा महिन्यांनंतर, १ ऑगस्ट १५७१ रोजी, पांढरं निशाण लागलं.

तह ठरला. सैनिकांना जहाजांतून क्रीट बेटावर जाऊ द्यायचं होतं. पण शहराच्या किल्ल्या द्यायला ब्रागादिन छावणीत गेला तेव्हा बोलणी फिसकटली. मुस्लिम कैद्यांना ठार मारल्याचा आरोप मुस्तफा पाशाने त्याच्यावर ठेवला. बरोबरच्या अधिकाऱ्यांचा शिरच्छेद झाला. ब्रागादिनचे नाक-कान कापले आणि १७ ऑगस्टला भर चौकात त्याची जिवंतपणी कातडी सोलली. ती पेंढा भरून इस्तंबूलला पाठवण्यात आली. पुढे ती तिथून चोरून आणली गेली आणि आज व्हेनिसच्या एका चर्चमध्ये ठेवलेली आहे.

कॅथेड्रलची मशीद झाली. एका मनोऱ्यावर मिनार उभा राहिला. आज तिचं नाव 'लाला मुस्तफा पाशा मशीद' आहे.

वेशीबाहेरची वस्ती

वेढ्यानंतर आणखी एक निर्णय झाला. आजच्या शहराची विभागणी त्यातूनच सुरू होते. ग्रीक ख्रिश्चन रहिवाशांना तटाच्या आत राहायला मनाई झाली. त्यांनी दक्षिणेला, तटाबाहेर, वाळूच्या पट्ट्यात घरं बांधली. तुर्कीत उपनगराला 'वारोश' म्हणतात. त्यावरून या वस्तीचं नाव पडलं वरोशा. तुर्की लोक तिला मराश म्हणतात.

तटाच्या आत तुर्की मुस्लिम, बाहेर ग्रीक ख्रिश्चन. ही रेषा पुढे पुसट झाली, पण पूर्ण पुसली गेली नाही. आतलं शहर झोपी गेलं, बंदरात गाळ साचला. ऑटोमन सरकार नकोशा माणसांना इथे पाठवू लागलं. प्रसिद्ध तुर्की कवी आणि नाटककार नामिक केमाल याला १८७३ मध्ये एका देशभक्तिपर नाटकामुळे इथे हद्दपार केलं होतं. त्याची कोठडी आजही दाखवली जाते.

१८७८ मध्ये कारभार ब्रिटिशांकडे आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बंदर सुधारलं, निकोसियापर्यंत रेल्वे नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९४९ या काळात, पॅलेस्टाइनकडे निघालेल्या ५० हजारांहून जास्त ज्यू निर्वासितांना ब्रिटिशांनी सायप्रसमध्ये छावण्यांत अडकवून ठेवलं. त्यातल्या काही छावण्या फामागुस्ताजवळ होत्या.

हॉटेलांची दहा वर्षं

१९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झालं. तीनच वर्षांत ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांमध्ये रक्तपात सुरू झाला. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. ती आजही तिथे आहे.

या शांतिसेनेशी भारताचं जवळचं नातं आहे. जनरल के. एस. थिमय्या तिचे प्रमुख होते आणि डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच, कामावर असताना, त्यांचं निधन झालं. लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. १९७४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हाही सेनेचं नेतृत्व भारतीय अधिकाऱ्याकडेच होतं. त्यांचं नाव देवान प्रेम चंद.

साठच्या दशकात तुर्की सायप्रसवासी तटाच्या आत एकवटले. त्यांची ये-जा अडवली जायची, रोजगार तुटले. त्याच वेळी काही शे मीटरवर वरोशात हॉटेलं उठत होती. ग्रीक सायप्रसवासीयांचं हे उपनगर बेटावरचं सगळ्यात झगमगीत पर्यटनस्थळ बनलं. एलिझाबेथ टेलर, रिचर्ड बर्टन, ब्रिजित बार्दो ही नावं इथल्या पाहुण्यांत घेतली जातात. फामागुस्ता हे तेव्हा बेटाचं मुख्य मालवाहू बंदरही होतं.

१९७४ मध्ये काय झालं?

१५ जुलैला ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांच्याविरुद्ध बंड झालं. बेट ग्रीसला जोडायचं हा बंडखोरांचा हेतू होता. २० जुलैला तुर्कस्तानने सैन्य उतरवलं.

फामागुस्तात तटाआडच्या तुर्की सायप्रसवासीयांना ग्रीक बाजूच्या दलांनी घेरलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या व्हेनिसच्या तटातल्या खोल्या आणि भुयारांत बायकामुलं लपली. १४ ऑगस्टला तुर्की सैन्याची दुसरी चढाई सुरू झाली. त्याच दिवशी जवळच्या मुरातागा आणि शेजारच्या दोन गावांत ग्रीक सशस्त्र टोळ्यांनी शंभराहून जास्त तुर्की गावकऱ्यांना ठार केलं. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. तुर्की रणगाडे फामागुस्ताजवळ पोहोचले, विमानांनी बॉम्ब टाकले आणि वरोशा रिकामं झालं.

युद्ध संपलं तेव्हा बेट दोन भागांत वाटलं गेलं होतं. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेत आणि ४० हजारांहून जास्त तुर्की सायप्रसवासी उत्तरेत विस्थापित झाले. मधली पट्टी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली आली. तिला 'ग्रीन लाइन' म्हणतात.

उत्तरेतली बहुतेक घरं दुसऱ्या कुणालातरी राहायला दिली गेली. वरोशाचं मात्र तसं झालं नाही. तुर्की सैन्याने या भागाला काटेरी तारेचं कुंपण घातलं आणि सामान्य माणसाला बंदी केली. पुढच्या वाटाघाटींत देण्याघेण्याचा हुकमाचा पत्ता म्हणून तो राखून ठेवला गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ५५० केला. वरोशाच्या मूळ रहिवाशांशिवाय इतर कुणालाही तिथे वसवणं अमान्य आहे आणि हा भाग संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात द्यावा, असं त्यात म्हटलं.

वरोशा परत मिळण्याची संधी २००४ मध्ये आली होती. बेट पुन्हा एक करण्याच्या आराखड्यावर दोन्ही बाजूंनी सार्वमत घेतलं गेलं. त्या आराखड्यात वरोशा परत करण्याची तरतूद होती. तुर्की बाजूच्या सुमारे ६५ टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं, ग्रीक बाजूच्या सुमारे ७६ टक्के मतदारांनी 'नाही'. सुरक्षेची हमी पुरेशी नाही, तुर्की सैन्य पूर्ण जात नाही, ही नकारामागची मोठी कारणं होती. आराखडा बारगळला आणि त्याच्याबरोबर वरोशाही अडकलं.

२०२० मध्ये कुंपण उघडलं, पण कुणासाठी?

८ ऑक्टोबर २०२० रोजी उत्तरेतल्या प्रशासनाने वरोशाचा किनारा आणि काही रस्ते लोकांसाठी खुले केले. ४६ वर्षांनी माणसं आत चालत गेली. डांबरी रस्ता नवा, दोन्ही बाजूंना दोरी आणि दोरीपलीकडे पडकी दुकानं, बँका, शाळा, घरं.

मूळ रहिवासीही आले. ते आपल्या घरासमोर उभे राहू शकतात, फोटो काढू शकतात. दार उघडून आत जाऊ शकत नाहीत. कारण इमारतींमध्ये जायला सगळ्यांनाच मनाई आहे. वयाच्या विशीत सोडलेलं घर सत्तरीत रस्त्यावरून पाहायचं आणि संध्याकाळी प्रवेशद्वार बंद व्हायच्या आत निघायचं, असा तो प्रकार आहे.

सुरक्षा परिषदेने २०२० आणि पुन्हा २०२१ मध्ये या निर्णयावर टीका केली. उत्तरेतलं प्रशासन म्हणतं की मालकांनी आमच्या मालमत्ता आयोगाकडे अर्ज करावा. शिवाय वरोशाची बरीच जमीन मुळात मुस्लिम वक्फची असल्याचा दावाही केला जातो. सायप्रस प्रजासत्ताकाला तो मान्य नाही. मालकांपुढे पेच आहे. अर्ज करावा तर त्या प्रशासनाला मान्यता दिल्यासारखं होतं, न करावा तर वय हातातून निघून चाललंय.

काय काय पाहाल?

सुरुवात तटबंदीपासून करा. जमिनीकडच्या दरवाज्याने आत शिरा. इथल्याच बुरुजावर वेढ्यात सगळ्यात घनघोर लढाई झाली होती.

लाला मुस्तफा पाशा मशीद : बाहेरून फ्रेंच कॅथेड्रल, आत पांढऱ्या रंगाच्या साध्या भिंती आणि गालिचे. इमारत पूर्वेकडे तोंड करून बांधलेली, तर नमाजाची दिशा दक्षिणेकडची. त्यामुळे गालिच्यांच्या ओळी इमारतीशी जुळत नाहीत. दारासमोर एक प्रचंड झाड आहे. ते उंबराच्या जातकुळीतलं, खोडालाच फळं धरणारं. कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं तेव्हाच ते लावलं, असं सांगतात. तसं असेल तर त्याचं वय ७०० वर्षांहून जास्त भरतं.

ऑथेल्लो टॉवर : बंदराकडचा बालेकिल्ला. दारावर व्हेनिसचा पंखवाला सिंह कोरलेला आहे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाचा मोठा भाग सायप्रसमधल्या एका बंदरात घडतो. त्याने गावाचं नाव दिलेलं नाही, पण ते हेच असावं असं मानून ब्रिटिश काळात हे नाव रूढ झालं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'झुंजारराव' हे मराठी नाटक याच 'ऑथेल्लो'वर बेतलेलं. या टॉवरची डागडुजी ग्रीक आणि तुर्की अशा दोन्ही समाजांच्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने केली आणि २०१५ मध्ये तो पुन्हा खुला झाला. राजकारण्यांना जे जमलं नाही ते इथे दगडांच्या निमित्ताने थोडंसं जमलं.

सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्च : नंतर मशीद, ब्रिटिश काळात धान्याचं कोठार. त्यामुळे स्थानिक लोक त्याला 'गव्हाची मशीद' म्हणायचे.

व्हेनिसचा राजवाडा : आता फक्त दर्शनी भाग उरलाय. त्याचे चार ग्रॅनाइटचे खांब सलामिसच्या अवशेषांतून उचलून आणलेले आहेत.

सलामिस : निम्मा दिवस हाताशी ठेवा. रोमन काळातली व्यायामशाळा, संगमरवरी खांब, मुंडकं नसलेले पुतळे आणि मोठं खुलं नाट्यगृह. सावली फार कमी, पाणी बरोबर हवंच.

वरोशा : हे शेवटी ठेवा. तट पाहून झाला की हे उपनगर इथे का आहे, ते सांगावं लागत नाही. प्रवेशद्वारावर तपासणी होते. आत सायकल भाड्याने मिळते.

जायचं कसं आणि नियम काय?

भारतीय पासपोर्टवर सायप्रस प्रजासत्ताकाचा व्हिसा लागतो. हा देश युरोपियन संघात २००४ पासून आहे, पण शेंगेन क्षेत्राचे नियम त्याला जसेच्या तसे लागू होतात असं गृहीत धरू नका. अर्ज करण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजे नियम पाहा.

लार्नाका किंवा पाफोस या दक्षिणेकडच्या विमानतळांवर उतरा. उत्तरेतला एर्जान विमानतळ आणि फामागुस्ता बंदर यांना सायप्रस प्रजासत्ताक अधिकृत प्रवेशद्वार मानत नाही. तिथून बेटावर शिरलात तर प्रजासत्ताकाच्या दृष्टीने तो बेकायदा प्रवेश ठरतो आणि दक्षिणेत जाताना अडचण येऊ शकते. स्वस्त तिकिटाच्या मोहात ही चूक सहज होते.

लार्नाकाहून फामागुस्ता साधारण ५० किलोमीटर. ग्रीन लाइन ओलांडायला देरिनिया आणि स्ट्रोविलिया ही दोन ठिकाणं सोयीची. देरिनियाचं नाकं नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालं. पासपोर्ट दाखवून पलीकडे जाता येतं. परतताना सायप्रस प्रजासत्ताकाचा व्हिसा वैध असायला हवा, हे विसरू नका.

गाडी भाड्याने घेणार असाल तर कंपनीला आधीच विचारा. दक्षिणेचा विमा उत्तरेत चालत नाही, नाक्यावर वेगळा काढावा लागतो. एक सोय मात्र आहे. ब्रिटिशांमुळे संपूर्ण बेटावर गाड्या भारतासारख्याच डावीकडून चालतात. दक्षिणेत युरो, उत्तरेत तुर्की लिरा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने फिरायला चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं.

खाण्यात हलूमी चीज चाखून बघा. तव्यावर भाजलं तरी ते वितळत नाही. ग्रीक बाजू त्याला हलूमी म्हणते, तुर्की बाजू हेलिम. २०२१ मध्ये युरोपियन संघाने दोन्ही नावांना एकत्र भौगोलिक मानांकन दिलं.

तिथे वागायचं कसं?

लष्करी ठाणी, सैनिक आणि 'फोटो काढू नका' असा फलक दिसेल तिथे मोबाइल खिशात ठेवा. वरोशात दोरी ओलांडून इमारतीत शिरू नका. बांधकामं ५० वर्षं देखभालीशिवाय उभी आहेत, छत कधीही खाली येऊ शकतं. शिवाय ते कुणाचं तरी घर आहे. आतली फरशी, पाटी, जुनी बाटली 'आठवण' म्हणून उचलणं म्हणजे सरळ चोरी.

उत्तरेत समुद्राकाठी स्वस्त फ्लॅटच्या जाहिराती दिसतील, ऑनलाइनही येतात. त्यातल्या कित्येक जमिनींचे मूळ मालक दक्षिणेत विस्थापित म्हणून नोंदलेले आहेत. अशा व्यवहारांवरून सायप्रस प्रजासत्ताकात खटले आणि अटका झालेल्या आहेत. सुट्टीच्या भरात सही करू नका.

आणि बोलताना घाई करू नका. फामागुस्तात चहा पाजणारा म्हातारा तुर्की दुकानदार कदाचित १९७४ मध्ये तटाच्या भुयारात लपलेला पोरगा असेल. देरिनियात गाडीचे कागद पाहणाऱ्या ग्रीक माणसाच्या आईचं घर कदाचित त्या पडक्या हॉटेलांच्या मागच्या गल्लीत असेल. दोघांच्याही गोष्टी खऱ्या असू शकतात.

देरिनिया गावात, दक्षिणेच्या बाजूला, वरोशा दिसणारी एक उंच जागा आहे. कुंपण उघडण्याआधीच्या काळात विस्थापित कुटुंबं तिथे यायची आणि दुर्बिणीतून आपली गल्ली शोधायची. आता नाकं ओलांडून त्याच गल्लीच्या तोंडापर्यंत जाता येतं. तिथून पुढे फक्त एक दोरी आहे. ती कधी आणि कुणासाठी निघेल, हा फामागुस्ताचा आजचा प्रश्न आहे.